पहिलं वाक्य कसं बोलायचं?

तान्ह्या पोळ्याला सकाळपासून गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दाराशी येत होती. बोजारा, म्हणजे त्यांना द्यायचा खाऊ-पैसा, वाटून संपला, तिकडे मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे ढोल सुरू झाले आणि मी तुमची पत्रं घेऊन बसले. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माणसाला त्या दिवशी ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी दार लावूनही ऐकू येते. ती ऐकत ऐकतच मी या महिन्याची चार पत्रं निवडली.

चौघांचे विषय वेगळे आहेत, पण शेवटची ओळ जवळपास एकच: ‘बाई, घरी कसं सांगू?’ एकतीस वर्षं विज्ञान शिकवताना मी हेच पाहिलं. काय करायला हवं हे मुलांना बऱ्याचदा उमगलेलं असतं, गाडी अडते ती तोंड उघडण्याशी. म्हणून या वेळी प्रत्येकाला मी पहिलं वाक्यच लिहून देते आहे. जसंच्या तसं वापरा, नाहीतर आपल्या घरच्या बोलीत फिरवून घ्या.

बाई, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के पडले म्हणून बाबांनी जेईईच्या क्लासला घातलं. ९० हजार फी भरली, त्यातले निम्मे काकांकडून उसने घेतले. बाबा हिंगणा एमआयडीसीत कामाला आहेत. मला पुरातत्त्व शिकायचं आहे. आठवीत अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, सहल गेली होती, तेव्हापासून डोक्यात आहे. मामासोबत जाऊन जुनापाणीची दगडांची वर्तुळं दोनदा पाहिली, वहीत चित्रं काढली. फिजिक्सच्या युनिट टेस्टला २५ पैकी ९ मिळाले. एकदा सहज विषय काढला तर बाबा म्हणाले, ‘दगडं पाहून पोट भरते का?’ मला आर्ट्सला जायचं आहे. घरी कसं सांगू? (मानेवाडा)

बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक प्रश्न पडला, तो तुलाच विचारते. त्या टेस्टमध्ये ९ च्या जागी २१ पडले असते, तरी हे पत्र लिहिलं असतंस का? उत्तर मला पाठवू नकोस, स्वतःला दे. नऊ मार्कांची लाज आणि वर्तुळांची ओढ या दोन गोष्टी तुझ्या पत्रात एकमेकींत गुंतल्या आहेत. सोडवल्याशिवाय बाबांपुढे गेलीस तर त्यांना फक्त नऊ मार्कच दिसतील.

अजब बंगला १८६३ पासून आहे. तुझ्या आजीच्या आजीच्या काळातही कुणीतरी मुलगी तिथल्या मूर्तींपुढे थबकली असेल. आणि नागपूरच्या मुलीला ही ओढ लागावी यात नवल काय! आपल्या भोवती विदर्भभर महापाषाणयुगाची, म्हणजे मोठे दगड रचून माणसं पुरण्याच्या काळाची, वर्तुळं पसरली आहेत. माहुरझरीला उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोड्यांचे अवशेष मिळाले. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटक राजांच्या नंदिवर्धन या राजधानीला, अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. दीड हजार वर्षांपूर्वी एक बाई इथून राज्य चालवत होती, आणि तिच्या मुद्रेचा ठसा जिथे मिळाला ते गाव मानेवाड्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. यावर मी पानभर लिहू शकते, पण आवरते.

आता कामाचं. तुझ्या डोक्यात तीन गोष्टींचं एक गाठोडं झालंय: सायन्स शाखा, जेईईचा क्लास आणि बाबांचं स्वप्न. गाठोडं सोडून बघ, नेमकं काय टोचतंय? पुरातत्त्वात हाडं ओळखायला जीवशास्त्र लागतं, मातीचे थर वाचायला भूगर्भशास्त्र लागतं, कोळशाच्या तुकड्यावरून काळ काढायला भौतिक आणि रसायन लागतं. विज्ञानाची पदवी घेऊनही पुढे एमएला पुरातत्त्वाकडे वळता येतं. आपल्या नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. म्हणजे तुला सायन्स सोडायलाच हवं असं काही नाही. कदाचित फक्त जेईईचा क्लास सोडायचा असेल. आर्ट्सलाच जायचं ठरलं, तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन शाखा बदलाची मुदत आणि लागणारी कागदपत्रं आधी विचारून ये. ही चौकशी करून मग घरी बोल. चौकशी न करता बोललीस तर तो हट्ट वाटतो.

बाबांच्या प्रश्नाला मी हसणार नाही आणि तूही हसू नकोस. दगडं पाहून पोट भरतं का, हा ज्यानं उसने पैसे आणून फी भरली त्याचा खरा प्रश्न आहे. त्याचं खरं उत्तर दे. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचा पुरातत्त्व विभाग, संग्रहालयं, विद्यापीठं. बहुतेक ठिकाणी एमए लागतं, शिकवायचं तर नेट किंवा पीएचडी. बारावीनंतर किमान पाच-सहा वर्षं. शिवाय इतिहास घेऊन स्पर्धा परीक्षा देता येतात, बीएड करून शिकवता येतं. हे सगळं एका कागदावर लिही, तोट्यांसकट. तोटे तूच आधी सांगितलेस की बाबांना तुझ्यावर भरवसा ठेवायला जागा मिळते.

वेळ नीट निवड. रात्री ते शिफ्टवरून दमून आलेले असताना नको, आत्या किंवा काका घरी असताना तर मुळीच नको. रविवारी सकाळी ते गाडी धूत असतील, तेव्हा बादली भरून दे आणि शेजारी बस. पहिलं वाक्य हे: ‘बाबा, तुम्ही भरलेल्या फीचं मला रात्री झोपताना आठवते, अन् मग झोप येत नाही. मले त्याच्याबद्दल बोलायचं हाय.’ फीपासून सुरुवात कर. पुरातत्त्व हा शब्द दहा मिनिटांनी आला तरी चालेल. क्लासवाल्यांकडून काही रक्कम परत मिळते का, हे पावतीमागच्या अटी वाचून दोघांनी मिळून विचारा.

त्या दिवशी ते ‘नाही’ म्हणतील. बहुतेक बाप पहिल्यांदा नाहीच म्हणतात. तेव्हा वाद घालू नकोस. ‘एका रविवारी माझ्यासोबत जुनापाणीला याल का?’ एवढंच विचार. मामाला दाखवलंस, बाबांना अजून दाखवलं नाहीस.

बाई, मी आठवीत आहे. माझा आवाज मधेच चिरकतो. वर्गात वाचायला उभा राहिलो की सगळे हसतात, म्हणून मी बोलणंच बंद केलं आहे. आजोबांच्या भजनी मंडळात मी गातो, कोजागिरीला कार्यक्रम आहे. आबांना कसं सांगू? (इतवारी)

तुझ्या गळ्यातली स्वरपेटी वाढते आहे. स्वरतंतू लांब आणि जाड होताहेत, आणि त्यांना कसं हाताळायचं हे तुझ्या मेंदूला नव्यानं शिकावं लागतंय. म्हणून सूर एका जागी धरता धरता निसटतो. काही महिन्यांत, फार तर वर्षा-दीड वर्षात तो बसतो. तोवर ओरडू नकोस, मुद्दाम जाड आवाजही काढू नकोस. पाणी भरपूर पी आणि बोलणं बंद करू नकोस. वर्गात हसणाऱ्यांपैकी अर्ध्या मुलांचं दिवाळीपर्यंत हेच होणार आहे. मी आठवीचे इतके वर्ग पाहिलेत की हे खात्रीनं सांगते.

आबांना म्हण: ‘आबा, माझा आवाज फुटतोय. या कोजागिरीला मला टाळ द्या, गाणं पुढच्या वर्षी म्हणतो.’ भजनातल्या जुन्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यांचाही आवाज कधीतरी फुटला होताच. आणि चाल ऐकत राहा, कान तयार होतो.

बाई, मी पंधरा वर्षांची आहे. ट्यूशनमधल्या एका मुलाशी मैत्री झाली. त्यानं खूप मागे लागून माझा एक फोटो घेतला, तसा मी पाठवायला नको होता. आता बोलणं बंद केलं तर तो म्हणतो, अजून फोटो पाठव नाहीतर सगळ्या ग्रुपवर टाकतो. मला जेवण जात नाही. आईला कळलं तर ती मोबाइल काढून घेईल, बाबा शाळा बंद करतील. माझीच चूक आहे. घरी कसं सांगू? (नाव, भाग छापू नका)

पोरी, शेवटच्या आधीचं वाक्य खोडून टाक. फोटो पाठवणं ही एका मैत्रीवर विश्वास टाकण्यातली गफलत होती. धमकी देणं हा गुन्हा आहे आणि तो त्यानं केला आहे. या दोन गोष्टी कुणी एका तागडीत घालत असेल तर तू घालू देऊ नकोस.

आज करायच्या गोष्टी आधी सांगते. त्याला आणखी एकही फोटो पाठवू नकोस. एक दिला की तो थांबत नाही, मागणी वाढते. पैसे देऊ नकोस, ‘शेवटचं भेट’ म्हणाला तर जाऊ नकोस. घाबरून गप्पा पुसू नकोस. त्याच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तारीख-वेळ आणि त्याचं नाव किंवा नंबर दिसेल असे. तो फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नकोस, मैत्रिणीलासुद्धा नाही. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच ती आहे. फोटो तुझ्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याची फक्त एक आकड्यांची खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी समाजमाध्यमं तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून ते कर.

आता मोठ्या माणसाबद्दल. मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. नववीतल्या एका मुलीनं मधल्या सुटीत येऊन सांगितलं की एक जण रोज शाळेपासून घरापर्यंत तिच्या मागे येतो. मी म्हणाले, रस्ता बदल, मैत्रिणीसोबत जात जा. तिनं रस्ता बदलला. तो तिथेही येऊ लागला. दिवाळीच्या सुटीनंतर ती शाळेत आलीच नाही, घरच्यांनी नाव काढून घेतलं होतं. त्या मुलीनं सगळं बरोबर केलं होतं. मी मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं, तिच्या आईला जाऊन भेटायला हवं होतं, आणि मी एका मुलीलाच रस्ता बदलायला लावला. ती बाकावर कुठे बसायची ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. म्हणून तुला सांगते, पहिलं मोठं माणूस माझ्यासारखं वागलं तर तिथे थांबू नकोस, दुसऱ्याकडे जा. आई, मावशी, आत्या, शाळेतली एखादी बाई. कुणीच नसेल तर १०९८ लाव. मुलांसाठीची ही हेल्पलाइन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मागाहून कळून तुला फसल्यासारखं वाटू नये. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं-मुली येतात. अशा गुन्ह्याची माहिती ज्या मोठ्या माणसाला मिळते, त्यानं पोलिसांना कळवणं या कायद्यानं बंधनकारक आहे. भिऊ नकोस, त्याच कायद्यानं तुझी काळजीही घेतली आहे. तुझा जबाब घरी किंवा तू म्हणशील तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं. त्या वेळी पोलिस गणवेशात नसावेत. रात्री कुठल्याही मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तुझं नाव, शाळा, पत्ता पेपरवाल्यांना छापता येत नाही. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही करता येते, स्त्रिया आणि मुलांच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा भाग आहे. तो मुलगाही अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याचं आयुष्य बरबाद होईल या भीतीनं तू गप्प राहायचं कारण नाही.

मोबाइल जाईल? काही दिवस जाईल कदाचित. शाळा बंद करायची भाषा झाली तर तुझ्या वर्गशिक्षिकेला घरी बोलवायला आईला सांग. मी स्वतः अशा घरी चहाला गेले आहे, त्या नववीतल्या मुलीनंतर. दोन तास बसून राहिलं की बापाचा आवाज खाली येतो, हे मी अनुभवलंय.

आईला एकटीला गाठ. ती पोळ्या लाटत असेल तर उत्तमच, तिची नजर पोळपाटावर असते आणि तुला तिच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हण: ‘आई, मला एक जण धमकी देतोय आणि मला खूप भीती वाटते. आधी माझं पूर्ण ऐक, मग मला रागव.’ फोटोचं त्यानंतर. हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर हे पान उघडून पोळपाटाशेजारी ठेव.

बाई, मी गडचिरोली जिल्ह्यातला. नीटसाठी ड्रॉप घेतला आहे, नंदनवनला रूम करून राहतो. हा दुसरा प्रयत्न. दीड महिना झाला, रात्री तीनपर्यंत झोप येत नाही, मेसचं जेवण अर्धं टाकतो. पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर असतं. आई रोज रात्री आठला फोन करून ‘जेवला का?’ विचारते, मी ‘हो’ म्हणतो. बाबांनी शेतीवर कर्ज काढलं आहे. कधी वाटतं, आपण नसतो तर घरचा खर्च तरी वाचला असता. घरी कसं सांगू? (वय १८)

तुझी शेवटून दुसरी ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. तू ती ओळ लिहिलीस हे फार चांगलं झालं. मी सरळच विचारते, कारण आडून विचारल्यानं उपयोग होत नाही: जीव द्यावासा वाटतो का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘कधी कधी’ असेल, तर आज रात्री रूमवर एकटा राहू नकोस. मित्राच्या रूमवर जा, घरमालक काकांना उठव. १४४१६ लाव, ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. विचार अगदीच अंगावर आला तर कुणाला तरी सोबत घेऊन थेट मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जा. नंदनवनहून ते लांब नाही.

विचार तेवढा टोकाचा नसला तरी याच आठवड्यात मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत दाखव. सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढ. दीड महिना झोप नाही, भूक नाही, मन एका पानावर टिकत नाही. हे तू अभ्यासात कमी पडल्याचं लक्षण नाही. नैराश्याच्या आजारात असंच होतं, आणि त्यावर उपचार आहेत. डेंग्यूचा ताप अंगावर काढून कुणी पेपर सोडवत नाही. हाही अंगावर काढू नकोस.

आणि खर्चाचा तो हिशेब. तो तू रात्री तीनला केलेला आहेस. तीन वाजताच्या हिशेबाला मी कधीच मान्यता दिली नसती, माझ्या वर्गात तर नाहीच. तुझ्या बाबांनी कर्ज काढलं ते तू असावास म्हणून. नीटची परीक्षा पार पडली नाही तर नर्सिंग आहे, फार्मसी आहे, बीएस्सी आहे, आणि यातल्या कशाचाच विचार आज करायची गरज नाही. आज फक्त झोप, जेवण आणि डॉक्टर.

तू लिहिलं आहेस की आई रोज रात्री आठला फोन करते, ‘जेवला का?’ म्हणते आणि तू ‘हो’ म्हणतोस. घरी सांगायला तुला वेगळा फोन लावायचा नाही, वेगळा विषय काढायचा नाही. आज आठला फोन येईल. ती विचारेल, जेवला का. तेव्हा म्हण: ‘नाही आई. लय दिवस झाले, नीट जेवलोच नाही.’